निळ्याची सोबत

६ मार्च
काचेवर बोट ठेवलं तर निळ्या आज मागे सरकला नाही. पुढे आला.
गुलमंडीच्या दुकानातून आणला तेव्हा चहाच्या कपाएवढ्या डबीत होता. तसल्या डब्यांची ओळच तिथं, एकेकीत एकेक मासा. दुकानदार म्हणाला, फायटर है, ऐसेइच रहता. मी वाद घातला. सगळे सोडवता येत नाहीत, एक आणला. आता त्याला टाकी आहे, तळाशी जंगली बदामाचं वाळलं पान. माझ्या घरात कुठलाच जीव डबीत राहणार नाही. लिहून ठेवते.

११ मार्च
आजही नळाला पाणी नाही. आई म्हणाली, "माणसांनी तांब्यानं आंघोळ करायची अन् याला अर्धी बादली." खोटं नाही तिचं. मी माझ्या वाटच्या पाण्यातलं देते.
आबा वॉचमनची ड्यूटी संपवून आले की स्टूल ओढून टाकीसमोर बसतात. सोयगावकडे मेंढरांमागं वाढलेले. आज म्हणाले, "एकटं हाय गं ते. कळपातून तुटलेलं मेंढरू चारा सोडतं." मी सांगितलं, हा एकटाच राहतो, जातच तशी. ऐकलं का, माहीत नाही. तिथून विषय देवगाव रंगारीच्या स्थळावर. घरात मी पहिली ग्रॅज्युएट. त्यांना आपली लेकही कळपातून तुटलेलीच दिसत असेल.

१४ मार्च
क्लास घेऊन आले तर आबा दारातच हसत उभे. "सोबत आणली त्याला."
टाकीत दुसरा मासा. लाल. तोही नर. आबांनी दुकानात फक्त तसलाच अजून एक द्या म्हटलेलं.
हात घालून सोडवले. निळ्याच्या शेपटीच्या चिंध्या, एका बाजूचा पर जवळजवळ नाहीच. आबा मागून म्हणत होते, मला वाटलं खेळतायत.
ओरडले नाही. त्यांचा चेहरा बघून...

१५ मार्च
लाल मासा लोणच्याच्या काचेच्या बरणीत. मी ठेवला. मी.
बरणी टाकीला लागूनच, दुसरी जागा नाही. मध्ये पुठ्ठा. समोर दुसरा नर दिसला की हे कल्ले फुगवून धावून जातात. निळ्याला आता ते झेपायचं नाही. जखमेला औषध एकच, रोज स्वच्छ पाणी. या शहरात, रोज.

१८ मार्च
पराची कड पांढरी पडली. सडतंय. नळ येईल म्हणतात, पण आला तरी ब्लिचिंग मारलेलं पाणी, दिवसभर उघडं ठेवल्याशिवाय घालता येत नाही.
आबा कंपनीतून सायकलला कॅन बांधून पाणी आणतात. न सांगता. आईनं तो कॅन एकदाही स्वयंपाकाला घेतला नाही. तीही न सांगता.

२१ मार्च
दाणा तसाच तरंगतो. निळ्या हवा घ्यायला वर येतो, तेवढ्यानंच थकतो, परत पानावर जाऊन पडतो. तेवढं एक पान तरी आहे.
लाल मात्र मजेत. बरणीत.

२२ मार्च
अखेर नळ आला. बादली भरून उघडी ठेवली आहे, उद्या घालता येईल.
सकाळी आबांनी पुठ्ठा काढला. मी अडवलं नाही, मलाही बघायचं होतं. निळ्या अजूनही कल्ले फुगवून आला, तर आशा आहे.
लाल कल्ले उघडून काचेला धडका देत होता. निळ्या पानावर. वळलासुद्धा नाही.
आबा बराच वेळ बघत होते. मग आईला हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज मोकळा.
"बघ गं, आपला निळ्या भांडत नाय आता. झाली वळख."
आई पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं, मग माझ्याकडे.
मी व्हय म्हटलं.
पुठ्ठा माझ्या मांडीवर आहे. आबा स्टुलावरून उठले की लावते.