शिवरामच्या गळ्यासाठी

सें पिएर, ६ जून १९८३, सोम.
प्रेशर पुन्हा १९०. तिसरी गोळी सुरू करूनही. डॉक्टर वैतागला. "तो तांस्यों पा पे देसान!" उतरत नाही हे मला कळत नाही होय? ठणकतं ते माझंच कपाळ. मीठ बंद, लोणचं बंद, सुकी मासळी बंद. शिवराम तेवढा डोक्यात बसलाय, तो पथ्याने निघायचा नाही.

१२ जून, रवि.
मंडळाने यंदाही झाकरीत, गणपतीपुढच्या गोलातल्या नाचगाण्यात, पुढे गायला शि.लाच उभं केलं. माझ्या बायकोचा, सुभीचा धाकटा भाऊ. ताल मी शिकवला त्याला!
गेल्या गणपतीत विसर्जनाला निघालो होतो. गोलात मी कडवं उचललं आणि नाकातून रक्त आलं. याने माझ्या गळ्यातली ढोलकी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "दाजी, आता घरी बसून ऐका." लोक हसले. मी शर्टाने नाक पुसत गाडीत जाऊन बसलो.
नदीवर यंदा मीही गाणार. नवं कडवं जुळवतोय. नाव न घेता त्याचं सोंग, पण शेंबडं पोरही ओळखेल. गळा बसता कामा नये, म्हणून जेठीमध. बाप गणपतीच्या महिन्यापुरती काडी चघळायचा. माझ्या तोंडात ती गेल्या गणपतीपासून दिवसभर असते. पोर्ट लुईहून मोठी पुडी आणली.

२८ जून, मंगळ
पाय लुळे पडलेत. शेतात ऊसतोड चालू, मी बांधावर बसून. बोटांना ढोलकीची दोरी ओढवत नाही. उजव्या डोळ्यापुढे काळं जाळं. डॉक्टरने दिवा मारून पाहिलं. मागच्या शिरांतून रक्त आलंय. असंच राहिलं तर डोळा, मूत्रपिंडं, नाहीतर झटका येऊन तोंड वाकडं. वाकड्या तोंडाने कडवं कसं म्हणणार, हाच विचार आधी आला. रक्त तपासायला घेतलं. चौथी गोळी.

१४ जुलै, गुरु.
सापडलं. रक्तात पोटॅशियम फार कमी. डॉक्टर विचारात पडला, मग माझ्या गालाकडे बघत राहिला. "की तो पे मांझे?" काय खातोस? काडी काढून दाखवली. "रेग्लिस!" खुर्चीतून उठलाच. रोज? रोज. दिवसभर?
म्हणाला, ही मुळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते नि पोटॅशियम घालवते. हिच्यापुढेच गोळ्या हरत होत्या. आजपासून बंद. असर जायला काही आठवडे.
वर्षभर अळणी डाळ गिळली आणि चोर तोंडातच! सुभीने माझ्यासोबत अळणी खाल्लं. तिला कोणत्या तोंडाने सांगू? गोळ्या बदलल्या म्हणालो.

२ ऑग., मंगळ
१६०! पाय ताळ्यावर. डोळ्यातलं जाळं मात्र तसंच, ते बहुधा राहणार.
सुभी म्हणाली, "शिवराम पण हल्ली दिवसभर जेठीमध चघळतो. त्याला वाटतं तुमचा आवाज त्यातच आहे. तुम्ही सोडलंत, मग उरलेली पुडी त्याला देऊ?"
"दे. त्याच्या गळ्यासाठी."
खोटं कशाला लिहू, किती बरं वाटलं. अळणी भात दोनदा घेतला.

१४ ऑग., रवि.
तालमीला मुद्दाम गेलो. शि. गात होता, मानेची शीर टम्म फुगलेली. मध्येच थांबून कपाळ दाबलं. बाहेर येऊन मला म्हणतो, "दाजी, पायात गोळे येतात हो."
"ऑगस्टची थंडी आहे," म्हटलं.
त्याची बायको शेजारीच होती. पोटुशी आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
कडवं पुढे सरकत नाही. शेवटची ओळ

२१ ऑग., रवि.
आत्ता शि. येऊन गेला. सकाळी तोंड धुताना नाकातून भळाभळा रक्त. चेहरा पांढरा, गालात काडी. ढोलकी घेऊन आला होता. माझ्यापुढे ठेवली नि म्हणाला, "यंदा तुम्हीच पुढे उभे राहा, दाजी. मला नाही जमत."
वर्षभर याच दिवसाची वाट पाहिली. पण तो मान खाली घालून आला, त्याला पाडायचं राहूनच गेलं. याचाही राग आला मला.
मग विचारतो, "तुम्हाला असंच झालं होतं ना? डॉक्टरने काय बंद करायला सांगितलं?"
सुभी चहा घेऊन दारात उभी. दोघंही माझ्याकडे बघत होती.
मी म्हणालो, "मीठ."
उठला. पाया पडून निघाला. फाटकाशी बहीणभाऊ अजून बोलतायत. इथून हाक मारली तर ऐकू जाईल.