टीव्ही पुसायचं फडकं

माय, आज गॅसवर कुकर लावून मी पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले होते. आमचं जालन्याचं घर केवढंसं, पुढच्या खोलीत शिंकलं तर मागच्या दारी ऐकू जातं. जळका वास आला तेव्हा मी पळत गेले, तर तुझा जावई माझ्या आधीच तिथं. गॅस बंद करून म्हणाला, "केवढ्या शिट्ट्या झाल्या! बहिरी झालीस का काय?" हसतच म्हणाला गं, वाईट माणूस न्हाई तो. सगळेच आपल्या बायकोला असं म्हणतात. मी पण हसले, अन् मोरीत जाऊन करपलेला कुकर घासत बसले. डाग निघाला तरी परत परत घासत राह्यले. एवढी भीती मला लहानपणी केदारखेड्याच्या आपल्या घरी वाटायची, तुझ्याशेजारी बसून.

धाकट्याच्या बाळंतपणात तुला ताप आला अन् तापासोबत तुझे कान गेले. एकदम न्हाई, हळूहळू, पाणी आटतं तसे. मी तेव्हा दुसरीत का तिसरीत होते. तूच मला उराशी धरून सांगितलंस, "कुणाला बोलू नको गं. कळलं तर मला मह्या बापाच्या दारात नेऊन सोडतील." तू उगीच भीत नव्हतीस. आपल्याच गल्लीतल्या एका सुनेला दिसायचं कमी झालं, तर दिवाळीला म्हणून माहेरी धाडली ती धाडलीच, अन् नवऱ्यानं दुसरी केली. आपली आजी ओट्यावर बसून म्हणाली होती, "मंग काय करंल बिचारा? अशा बाईला पोरं पण तशीच व्हतेत." मी तिथंच खेळत होते. त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं.

आता विचार केला की हसू येतं, एवढ्या मोठ्या घरात हे झाकलं तरी कसं गेलं. आपल्या रीतीनंच झाकलं, माय. सुनेनं मोठ्यांपुढं बोलायचं न्हाई, मान वर करायची न्हाई, विचारलं तर "हूं" म्हणायचं. झालं! ऐकू न येणारी बाई त्या घरात सगळ्यात गुणाची सून ठरली. "वर आवाज न्हाई लेकराचा," असं लोक आजीला सांगायचे अन् आजी फुगायची. बाबा तरी तुझ्याशी कुठं बोलायचे? दिवसा बायकोशी बोलणं म्हणजे लाज. चहा पाहिजे असला की नुसते खाकरायचे. त्यांना कळलं होतं का न्हाई, हे मला आजपर्यंत माहीत न्हाई. पण मान खाली घातली की समोरच्याचे ओठ दिसत न्हाईत, ही त्या रीतीची दुसरी बाजू. म्हणून मी. मी कायम तुला चिकटून. कुणी काही विचारलं की मी तुझा पदर ओढायची, अन् तू म्हणायचीस, "हूं." लोक म्हणायचे, पोरगी लई मायवेडी. मायवेडी कसली, जीव मुठीत धरून बसायची मी.

मंग काकांनी टीव्ही आणला. लाकडी पेटीचा, दोन बाजूंनी सरकती दारं असलेला. अर्धी गल्ली आपल्या बैठकीत. सिनेमातल्या गाण्यांचा तुला कंटाळा यायचा. मागं चुलीजवळ मला म्हणालीस, "ती बाई झाडाला धरून काय करून राह्यली? गाऊन राह्यली का रडून?" मी म्हटलं, दोन्ही. पण एकदा दोन कार्यक्रमांच्या मधे चित्रांचं गाणं लागलं. काळ्या फळ्यावर खडूनं काढलेला एक काटकुळा माणूस. तो फळ्यावरून खाली उतरला, रस्त्यानं निघाला, वाटेत आपोआप रेघा उमटत होत्या अन् तो प्रत्येक रेघेवरून उडी मारत होता. उडी बराबर ढोलकीच्या ठोक्यावर. मधेच त्याची टोपी उडाली, टोपीचा पक्षी झाला, पक्ष्याचे पंखही त्याच ठोक्यावर. तू दारात पदराआडून बघत होतीस. तुझा हात चौकटीवर हलायला लागला अन् मी घाबरून गेले. पण हात चुकत नव्हता. मागं आल्यावर तू माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणालीस, "दिसलं मला! गाणं दिसलं!" तू एवढ्या जोरात बोललीस की मी तुझ्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हापासून तू फडकं धरलंस. चित्रांचं गाणं लागलं की मी खुणावायची अन् तू फडकं घेऊन टीव्ही पुसायला जायचीस. एक हात पुसायचा, दुसरा नुसताच पेटीच्या लाकडावर टेकलेला. डोळ्यांनी खडूचा माणूस अन् तळहातानं ढोलकी. आजी म्हणायची, "पुसून पुसून झिजवती का काय त्याला?" काका म्हणायचे, राहू द्या, एवढा साफ टीव्ही पार जालन्यापर्यंत कुणाच्या घरी नसंल. अन् संध्याकाळी तू भाकरी थापायला बसलीस की तोच ठोका परातीत वाजायचा. मी मागच्या दारात बसून ऐकायची. मला ते फार आवडायचं, अन् कुणाच्या ध्यानात येईल म्हणून घशाखाली घास उतरायचा न्हाई. दोन्ही एकाच वेळी, बघ.

अन् मंग तो ऑर्केस्ट्रा आला. रात्री लाईटचा भरवसा न्हाई म्हणून दुपारीच ठेवला, शाळेच्या मैदानात, जनरेटर लावून. मी तुला म्हटलं, नको जाऊ. ताप आला म्हण. पण तू हट्टाला पेटलीस. लग्नातला बँड पोटात वाजतो, म्हणालीस, तर हा केवढा वाजंल! तुझी मोठी जाऊ, आपली काकू, तिनं तर तुला हात धरूनच नेलं. बायका ताडपत्रीवर मागं मागं सरकत होत्या अन् तू जाऊन बसलीस कर्ण्याच्या मोठ्या खोक्याला टेकून. काकू ओरडली, "अगं कान फुटतील तिथं!" मी पदर ओढला. "हूं," तू म्हणालीस, अन् हलली न्हाईस. मंग काकू पण नाक मुरडत तिथंच बसली.

गाणी सुरू झाली. मी तुला एवढं खुश कधी बघितलं नव्हतं, न्हाई आधी, न्हाई नंतर. पदर घसरलेला, मान वर, डोळे त्या ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याच्या हातांवर. विजेवर चालणारं ते वाद्य, चौकोनी तुकड्यांवर काड्या मारायच्या की ढोल वाजतो. आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. जोराच्या गाण्याला तुझी पाठ खोक्यासोबत थरथरायची. हळू गाण्याला खोकं गप्प व्हायचं, तेव्हा तू नुसती हात बघून गुडघ्यावर ठोका धरायचीस.

अन् मधेच जनरेटर बंद पडला. आवाज पार गेला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, लोक उठून मागं बघायला लागले, मी पण वळून बघायला लागले. तीच चूक. तो वाजवणारा मजेखोर होता, आवाज नसताना तसाच काड्या मारत राहिला. मी परत वळले तर तुला वाटलं होतं हळू गाणं चालू आहे. अख्ख्या मैदानात तू एकटी, हसऱ्या तोंडानं, गुडघ्यावर बराबर ताल धरून. मान डोलावून राह्यलीस! अन् काकू तुझ्या हाताकडं बघत होती. मंग तिनं वाजवणाऱ्याच्या काड्यांकडं बघितलं. मंग माझ्याकडं. पदर ओढावा तर हात उचलेना. मला डोळ्यांसमोर दिसलं ते मामाच्या गावचं दार अन् तुझं गाठोडं.

काकू एकदम टाळ्या वाजवायला लागली. त्याच ठोक्यावर. "वाजव रे भाऊ, थांबू नको! आम्ही हावोत नं!" असं केवढ्यानं ओरडली. बायका खिदळल्या अन् त्यांनी पण टाळ्या धरल्या. बघता बघता सगळी ताडपत्री टाळ्या वाजवायला लागली, अन् तुझा हात त्या हातांमधे कुठला कुठं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चुलीपाशी आली. बोलायच्या आधी तिनं तुझ्या कोपराला हात लावला, तू वर बघितल्यावर मंगच म्हणाली, "पीठ संपलं का गं?" तू तिच्याकडं बघतच राहिलीस. मला ती परसात म्हणाली, "झाकली मूठ झाकलीच ऱ्हाऊ दे. अन् तू नीट जेवत जा, वाळून चाल्ली. मी हाय नं आता." काकूनं मरेपर्यंत शब्द पाळला. पण मला धीर आला न्हाई, माय. मला वाटलं, आता अजून एकीला माहीत झालं. काकू आजीच्या डोक्याला तेल लावायला बसली की मी खांबाआडून तिच्या ओठांकडं बघायची.

मी बारावीला असताना तू काविळीनं गेलीस. दारात जमलेल्या बायका म्हणत होत्या, किती शांत बाई, कधी उलटून बोलली न्हाई. मला त्यांच्या अंगावर ओरडावं वाटलं. अन् खरं सांगू, त्याच रात्री मी पोटभर झोपले. आता कुणी तुला कुठं सोडू शकत नव्हतं.

परवा तुझ्या नातीला घेऊन इथल्या मैदानावर गाण्याच्या कार्यक्रमाला गेले. ती गाण्यांची वेडी. कॉम्प्युटरवर दिवसभर चित्रांची गाणी बघते, मातीच्या बाहुल्या नाचतात, कागदाची गावं उलगडतात. तुला एकेक दाखवत बसले असते मी. कार्यक्रमात पडद्यावर तसलीच चित्रं, खाली बँड. मला वाटलं, आवाज कमीच ठेवलाय. पुढची बाई मात्र कानात बोटं घालून बसलेली. माझा हात खुर्चीच्या लोखंडी दांडीवर गेला होता, ती थरथरत होती, अन् मला बरं वाटत होतं. शेजारून कुणीतरी मला काहीतरी विचारलं असणार. कारण तेवढ्यात माझी ओढणी ओढली गेली. हलकीच, खालून, कुणाला दिसणार न्हाई अशी.

मी तिला हे शिकवलेलं न्हाई, माय. तुझं मी तिला काहीच सांगितलेलं न्हाई. मी वळून बघितलं तर ती समोर स्टेजकडं बघत होती, अन् तिचं तोंड माझ्या तेव्हाच्या तोंडासारखं होतं. कधीपासून सांभाळून राह्यली असंल? ती पण हल्ली अर्धी भाकर टाकून उठते. मी तिला म्हणत होते, नखरे करू नको.

आता कुणी कुणाला माहेरी सोडत न्हाई. डॉक्टर आहेत, कानाला लावायचं मशिन आहे, तुझा जावई तर उद्याच घेऊन जाईल. सगळं मला कळतं, अन् तरी ते एक वाक्य तोंडातून निघत न्हाई, जे तू पण कधी कुणापुढं म्हटलं न्हाईस. म्हणून आधी तुला लिहून बघितलं. मला ऐकू येत न्हाई गं, माय. हा कागद काही कुठं जायचा न्हाई, अन् तुला तर वाचता पण येत नव्हतं. उठून पोरीला सांगावं म्हणून मी मघाशी पेन खाली ठेवला होता. ती दारातच उभी होती, माझ्याकडं बघून काहीतरी विचारत होती.

मी म्हटलं, "हूं."