बेचाळिसावे घर मोजायचे राहून गेल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (ओढे व नाले),
नगर कार्यालय, दुसरा मजला,
जिन्याजवळची खोली (दारावरची पाटी पडलेली आहे).

विषय : काठावरच्या एक्केचाळीस घरांना दिलेली नोटीस मागे घेणे, ते जमत नसल्यास अर्जदाराच्या घरालाही तीच नोटीस देणे.

संदर्भ : १) आपल्या सहीचे प्रशस्तिपत्र. २) त्यानंतर एकोणीस दिवसांनी निघालेली आपल्याच सहीची नोटीस. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

चौथ्यांदा तसदी देत असल्याबद्दल क्षमा असावी. पहिले तीन अर्ज अर्जदाराने थोडक्यात लिहिले होते. ती चूक या वेळी केलेली नाही.

१. अर्जदार धंद्याने शिंपी असून डोळ्यांनी साथ सोडल्यापासून दुकान बंद आहे. गळ्यातला टेप मात्र सवयीने तसाच असतो. अर्जदाराच्या दारासमोरून जे पाणी वाहते, त्याची आपल्या दप्तरी कित्येक वर्षे 'नाला' अशी नोंद होती आणि ती वासासकट बरोबर होती. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या इस्त्रीवालीची मुलगी त्या पाण्यापायी तिसऱ्यांदा दवाखान्यात गेली. त्या रविवारी इस्त्रीवाली बाह्या सरसावून एकटीच आत उतरली. ती गुडघाभर घाणीत आणि आळीतला गवंडी दारात चहा पीत बसलेला, हे बरे दिसेना म्हणून तोही उतरला. गवंड्यामागोमाग सगळी आळी उतरली.

२. तेव्हापासून एकही रविवार चुकला नाही. आतून गाद्या, टायर, एक अख्खा फ्रीज आणि आपल्या कार्यालयाची 'येथे कचरा टाकू नये' ही पाटी निघाली. पहिल्या वर्षी बेडूक आले, तिसऱ्या वर्षी खंड्या पक्षी आला आणि पाचव्या वर्षी आपले कार्यालय आले. मधल्या काळात गवंड्याने काठाला दगडी पायऱ्या बांधल्या, बंद पडलेली चार दुकाने उघडली आणि लोक नाकाला रुमाल न लावता एकमेकांशी बोलू लागले. त्यामुळे भांडणे वाढली हे मान्य आहे.

३. आपण प्रशस्तिपत्र दिलेत, नोंद बदलून 'ओढा' अशी केलीत आणि आळीने टाळ्या वाजवल्या. नाल्यापासून घर दहा फुटांवर असले तरी चालते, ओढ्यापासून मात्र तीस फूट लागतात, हे टाळ्या वाजवून झाल्यावर कळले. आता तीस फुटांच्या आतली घरे साठ दिवसांत रिकामी करायची असून तेथे नागरिकांसाठी फिरण्याचा रस्ता व बाके होणार आहेत. आळीतली माणसे नागरिकांत मोडतात किंवा कसे, याचा खुलासा नोटिशीत नाही. कामाच्या फलकावर मात्र ती आहेत. फलकावरच्या फोटोत घाण उपसणाऱ्या वाकलेल्या पाठी दिसतात, त्यातली डावीकडून तिसरी अर्जदाराची.

४. कोणते घर किती फुटांवर, हे आपल्याला शोधावे लागले नाही. ते अर्जदाराने कळवले होते. हे लिहिताना हात अडतो, तरी लिहिणे भाग आहे. ज्याचे घर पाण्याला जितके जवळ, त्याने तितका जास्त काठ झाडायचा, अशी आळीत वाटणी ठरली होती. त्यासाठी अर्जदाराने एकेका उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत माप घेतले, सुबक नकाशा काढला आणि मोठ्या हौसेने प्रशस्तिपत्रासाठीच्या कागदांना जोडला. नोटिशीतली मापे त्याच नकाशातली आहेत, इंचासकट.

५. सदर मापे चुकीची आहेत. टेप कापडी, चौतीस वर्षे वापरातला. ओढून ओढून तो साठ इंचांमागे दोन इंच ताणला गेला आहे आणि ताणलेल्या टेपने अंतर कमी भरते. कापड बेतताना अर्जदार हे ध्यानात ठेवून दोन बोटे जास्त सोडत असे. झाडलोटीच्या वाटणीत कोण इंच बघणार, म्हणून येथे सोडली नाहीत. खऱ्या मापाने सहा घरे तीस फुटांबाहेर जातात, त्यात इस्त्रीवालीचे एक. सरकारी टेपने पुन्हा मोजावे म्हणून अर्जदार खिडकीवर गेला असता आपले लेखनिक म्हणाले, "आजोबा, आम्ही तुमच्या मापावर विश्वास ठेवला. आता तुम्हीच ठेवत नाही म्हटल्यावर आम्ही काय करायचं?"

६. नकाशात घरे एक्केचाळीस आहेत. काठावर बेचाळीस आहेत. शिंपी सगळ्यांची मापे घेतो, स्वतःचे घेत नाही. अर्जदाराच्या अंगातला शर्टही जन्मभर अंदाजानेच शिवलेला आहे. त्याच सवयीने अर्जदाराने आपले घर मोजले नाही. परिणामी नोटीस सगळ्यांना आली, नकाशा काढणाऱ्याला आली नाही. आळीला यात सवय दिसली नाही. अर्जदार पायऱ्यांवर जाऊन बसला की गवंडी उठून जातो. इस्त्रीवाली नळावर चारचौघींत म्हणाली, "काका, आमची मापं अगदी बरोब्बर घेतलीत हो. स्वतःचं कापड तेवढं वाचवलंत." अर्जदाराजवळ उत्तर होते, परंतु ते खरे असल्यामुळे कोणाला पटण्याजोगे नव्हते.

७. तरी विनंती की, काठ सरकारी टेपने पुन्हा मोजावा. ते अशक्य असल्यास पाण्याची नोंद पूर्ववत 'नाला' करावी. त्यासाठी लागणाऱ्या गाद्या व टायर आळी स्वखुशीने परत टाकील. फ्रीज भंगारात गेला, तो मिळणार नाही. पाटी आपलीच आहे, ती आपण घेऊन यावी. खंड्याला काय कळवायचे तेही आपल्याच स्तरावर ठरावे.

८. यांपैकी काहीच होणार नसेल, तर अर्जदाराच्या घराला विनाविलंब नोटीस मिळावी. ही मेहरबानी नव्हे, हक्क म्हणून मागत आहे. घराचे माप काल सकाळी घेतले. टेप पाच फुटांचा. एकाने टोक धरायचे, दुसऱ्याने खडूने खूण करायची आणि पुढे सरकायचे, असे ते काम आहे. एकट्याने होत नाही. अर्जदार उंबऱ्यावर टेप धरून बराच वेळ उभा होता. आळी बघत होती. शेवटी इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली, येऊन दुसरे टोक धरले आणि म्हणाली, "ढिला सोडू नका, काका. आमची घेतलीत तशीच घ्या." तशीच घेतली. सव्वीस फूट नऊ इंच भरले. तिने पुन्हा एकदा मोजायला लावले. तेवढेच भरले.

हे माप खरे धरावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, अद्याप काठावरचा,

(सही)
शिंपी, घर क्र. ४२ (नकाशात नाही)

दिनांक : नोटिशीचा त्रेपन्नावा दिवस

सोबत :
१) प्रशस्तिपत्र व नोटीस, एकाच टाचणीने जोडलेली.
२) दुरुस्त नकाशा, बेचाळीस घरांचा. साक्षीदार म्हणून इस्त्रीवालीची सही.
३) सदर टेप, मूळ. परत पाठवू नये.