जाड आवाजांची रांग

गुरुवार, १४ तारीख

प्रिय दादास,

नमस्कार. इकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. हे पत्र नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागाकडून आलंय असं समज, म्हणजे तुझा मान राहील.

रविवारी दोन्ही वस्त्यांचं समूहगान आहे आणि जाड आवाजांची रांग ओस पडलीय. तू गेलास, तुझ्यामागोमाग तुमच्या खालच्या वस्तीतला सुतार गेला, बसचा ड्रायव्हर गेला. उरलाय आमच्या वरच्या वस्तीतला दातांचा डॉक्टर. तो एकटा तुम्हा तिघांचं गातो. गातो कसला, घसा खाकरतो.

टीशर्टांची अक्कल माझी नव्हती. इतके दिवस आपण आवाजाप्रमाणे उभे राहत होतो. कोण वरचा, कोण खालचा, हे लोक विसरायला लागले होते. सुताराने डॉक्टरच्या दवाखान्याचं अडकणारं दार तासून दिलं, डॉक्टरने त्याची दाढ काढली. मग आमच्या साहेबांना फोटोची चिंता पडली. "अहो, एकोपा दिसला पाहिजे! माणसं मिसळलीत हे फोटोत कळणार कसं?" म्हणून वरच्यांना निळे टीशर्ट, खालच्यांना पिवळे. ते अंगात चढायचा अवकाश, निळे एकीकडे नि पिवळे दुसरीकडे. त्यात कुणीतरी म्हणालं, पिवळ्यांचं कापड हलकं आहे. झालं! सगळी मेहनत पाण्यात.

मी साहेबांना म्हटलं, "टीशर्ट राहू द्या. वरच्या वस्तीच्या रस्त्यावरचं ते फाटक काढा, एकोपा आपोआप दिसेल."

तर म्हणतात, "फाटक बांधकाम विभागाकडे, बाई. आपल्याकडे संस्कृती."

असा संताप आला म्हणून सांगू! एका हाताने फाटकाला परवानगी द्यायची आणि दुसऱ्या हाताने लोकांना गळ्यात गळा घालून गायला लावायचं. आणि मी तिथेच नोकरी करते. तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

तू चिडलास ते बरोबरच. पण माझ्यावर का? समूहगान सुरू व्हायच्या आधी त्या फाटकावर पहारेकऱ्याने तुला "कोणाकडे?" विचारलं. "सख्ख्या बहिणीकडे जायला परवानगी काढू का?" असं ओरडून तू माघारी वळलास, तो वळलासच. मी तुझ्याकडे यावं तर तू कायम कामावर. मग मी करायचं तरी काय?

दादा, समूहगानाची टूम मी एकोप्यासाठी काढलीच नव्हती. साहेबांना तसं सांगितलं, एवढंच. तू गाण्याला नाही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. तू माझ्या मागच्या रांगेत उभा राहायचास. बोलायचा नाहीस, पण माझा सूर घसरला की हळूच धरून द्यायचास. माझं तेवढ्यावर भागत होतं. आता तेही गेलं.

फाटक काही निघत नाही. निदान मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही.

सोबत माझा निळा टीशर्ट पाठवतेय. पोटावर घट्ट बसेल, बसू दे. तू खुर्चीवर भिरकावलेला पिवळा मी घालणार आहे. मला तो गुडघ्यापर्यंत येतो. साहेबांचा फोटो बिघडायला तेवढं पुरे. तू आला नाहीस तरी मी गाणार, फक्त सूर घसरला तर मागे कुणी नसेल.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझ्या पुढच्या रांगेतली,
धाकटी