सत्कारासाठी कुलूप लागलेला शनिवारचा वर्ग

दि. १९ मार्च १९९२

प्रति,
मा. कार्यवाह,
शारदा मराठी मंडळ, लीड्स.

विषय : मराठी वर्गाची खोली येत्या शनिवारी सकाळी दहापूर्वी उघडून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २७ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

जरा खुर्ची पुढे ओढून बसावे. कीर्तनात बुवा निरूपण आटोपून कथेला हात घालतात तेव्हा दाराशी बसलेले लोकही सरकत सरकत पुढे येतात, तसे या. एक कथा सांगतो. ती आपल्याच इमारतीतली आहे.

१. श्रीमती प्रमोदिनी वैशंपायन यांनी मिरजेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर १९८० साली त्या डॉक्टर मुलाकडे इथे आल्या. "आई आराम करायला आली होती," असे चिरंजीव अजय अजून हसत सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मंडळाच्या मागच्या खोलीत शनिवारचा वर्ग सुरू केला. नव्याने आलेल्या सुनांना घेऊन बसस्टॉपवर उभ्या राहिल्या, तिकीट कसे मागायचे ते शिकवले. माझी पत्नी कै. आशा शेवटच्या आजारात इंग्रजी पार विसरली. तिला कुठे दुखते ते नर्सला सांगायला बाई सात आठवडे रोज दोन बस बदलून वॉर्डात येत. पुढे अजय नोकरीसाठी बेसिंगस्टोकला गेला, बाई गेल्या नाहीत. "अरे, शनिवारचं काय करू?" एवढेच म्हणाल्या.

२. जानेवारीत बर्फावरून घसरून बाईंचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून वर्ग वैजयंतीबाई घेत होत्या. मग समितीने गुढीपाडव्याला बाईंचा 'जीवनगौरव' सत्कार जाहीर केला. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या इंग्रज बाईलाही पेढा दिला. आणि मागोमाग आपले पत्र आले : सत्काराच्या तयारीसाठी वर्ग बंद, खोलीला कुलूप.

३. गेल्या शनिवारी सजावटप्रमुख उदयराव यांच्याकडून किल्ली मागून मी खोली पाहिली. बाके भिंतीशी रचलेली. मधोमध गणपतीचे थर्माकोलचे मखर. ११ जानेवारीला बाईंनी स्वतः लिहिलेली बाराखडी वैजयंतीबाईंनी फळ्यावर तशीच राखली होती, कोणाला पुसू दिली नव्हती. तिच्यावर सोनेरी कागदाची अक्षरे डिंकाने चिकटवली आहेत : 'जीवनगौरव'. कीर्तनकार उभा राहतो त्या नारदाच्या गादीवर कोणी चिखलाचे बूट काढून ठेवावेत, तशी मला शिसारी आली. अजून जेवताना आठवते आणि तोंडात घास फिरतो. उदयराव म्हणाले, "अहो काका, सत्कार तुमच्या बाईंचाच ना? मग तोंड का वाकडं? आणि मखर गॅरेजमध्ये ठेवलं तर त्याला ओल लागते हो." म्हणजे मखराला ओल लागू नये म्हणून अकरा मुले बाहेर!

४. आता माझा गुन्हा. मी दर रविवारी हॉस्पिटलात जातो. "काल किती मुलं आली?" बाईंचा पहिला प्रश्न. त्यांचा चेहरा पाहून मी म्हणालो, नऊ. पुढच्या रविवारी अकरा म्हणालो. आठ वर्षांची रेखा जोडाक्षरे लिहू लागली, हेही सांगितले. तीच रेखा मला दुकानात भेटली तेव्हा विचारत होती, "काका, क्लास कधी होणार? माझी वही तर तिथेच राहिला." ज्या तोंडाने मी सोमवारी कीर्तनाची कॅसेट लावून भजन म्हणतो, त्याच तोंडाने हे खोटे बोललो. बाई एवढ्या खूश झाल्या की म्हणाल्या, "येत्या रविवारी वह्या घेऊन या, पडूनच आहे, तपासून देते." मंगळवारी मी डाव्या हाताने दोन पाने गिरवून पाहिली. अकरा मुलांची अक्षरे एका म्हाताऱ्याला जमत नाहीत. जमली असती तरी बाई प्रत्येकाचा हात ओळखतात. वर्ग बंद आहे हे त्यांना कळले तर त्या वॉकर धरून निघतील. आणि का बंद आहे हे कळले, तर पाडव्याला त्या शाल अंगाला लावून घेणार नाहीत, हे समितीने आजच समजून असावे.

५. सबब विनंती की, मखर माझ्या बैठकीच्या खोलीत आणून टाकावे. मी स्वयंपाकघरात झोपेन. सोनेरी अक्षरे ओल्या फडक्याने, खालची बाराखडी न पुसता, मी स्वतः काढीन. आपण फक्त शनिवारी दहाच्या आत दार उघडावे. मुले दोन तास बसली, तर रविवारी मी खऱ्या वह्या नेईन आणि झाला प्रकार बाईंना स्वतःच्या तोंडाने सांगून पाया पडेन.

किल्ली फिरवताना बाईंची आठवण असू द्या. त्या सहाव्या वॉर्डात खिडकीशी असतात, आणि शनिवारी दहा वाजले की चष्मा लावून बसतात, असे तिथली नर्स सांगते.

आपला नम्र,
श्रीनिवास खरवंडीकर

सोबत :
(१) वर्गाचे हजेरीपत्रक, १९८० पासून.
(२) पुढच्या धड्याची बाईंच्या हातची चिठ्ठी.
(३) डाव्या हाताने गिरवलेली दोन पाने. पाहून झाल्यावर फाडून टाकावीत.