पलंगाखालच्या कुंड्या

५ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद. पत्राला फारच उशीर झाला, रागावू नकोस. तुझी आई गेल्यापासून लिहायला बसलो की हात थांबतो. गुडघे कुरकुरतात, मी त्यांना दाद देत नाही.

तिच्या निळ्या फुलांच्या कुंड्या (नाव मला लिहिता येत नाही) थंडीच्या सुरुवातीला पलंगाखाली सापडल्या. माती कोरडीठाक. आजारपणात पाणी घालायचं तिच्याकडून राहून गेलं असणार. उन्हाळ्यात खिडकी निळी करीन, असं मी तिला कबूल केलं होतं. म्हणून थंडीभर न चुकता पाणी घातलं. तरी एक कोंब नाही. काय चुकतंय? लगेच कळव.

तुझे बाबा

१३ मार्च

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.
बाबा, आईकडून काही राहून गेलं नव्हतं. तिची ती निळी फुलझाडं, अ‍ॅकिमेनिस, थंडीत झोपतात. पानं वाळली की ती पाणी बंद करून कुंड्या मुद्दाम पलंगाखाली सारायची. तेव्हा पाणी दिलं तर कंद कुजतात. माती हलक्या हाताने उपसून पाहा. सुरवंटासारखे खवल्यांचे कंद घट्ट लागले तर जिवंत आहेत. नव्या मातीत आडवे ठेवा, वर बोटभर माती, पाणी कोमट. वाढू लागल्यावर माती एकदाही सुकू देऊ नका, नाहीतर पुन्हा झोपतील. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटून भरपूर फुलं येतात.

आई म्हणायची, तुझ्या बाबांना फुलांतलं एवढंच कळतं, की तिथे चहाचा कप ठेवायचा नाही. हसलात ना? स्वतःला बोल लावू नका. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची ताई

२२ एप्रिल

चि. ताईस,
आशीर्वाद. वर्तमानपत्र पसरून साऱ्या कुंड्या उपसल्या. कंद बोटांत लगदा झाले. तिने निजवलेली झाडं मी पाणी पाजून मारली. एकच, कुंडीच्या काठाला चिकटलेला, तांदळाएवढा, घट्ट निघाला. तो लावला. मनगटावर थेंब टाकून पाणी बघतो, ती तुझं दूध बघायची तसं. आता त्याला पानांच्या तीन जोड्या आहेत.

तू लिहिलंस, शेंडा खुडा. रोज हात नेतो आणि मागे घेतो. उरलेलं एकच, त्याचा शेंडा मी कसा तोडू? माझ्या हाताचा मला भरवसा नाही. तुझ्या बोटांना आईचं वळण आहे, तूच येऊन खुड. तोवर माती सुकू देत नाही. कधी येतेस ते दोन ओळींत का होईना, पण लवकर कळव.

तुझे बाबा