बिशपचं पोट

४ ऑगस्ट
विदरकोट हॉल हॉटेलचा मुख्य माळी या नात्याने आज निर्णय घेतला. कुंपण सरळ करायचं.
कारण असं: मालकांना कुंपणापलीकडच्या हिरवळीवर स्विमिंग पूल आणि स्पा बांधायचाय. बाग सरकारच्या संरक्षित यादीत लागली तरच ते थांबेल. तपासायला सप्टेंबरात डॉ. हेझलडीन बाई येणार. नापास झालो तर बाग नाही आणि मीही नाही.
आणि आमचं कुंपण कसं? तीनशे वर्षांची यू नावाची सदाहरित झाडं, दोन पुरुष उंच, जुन्या गादीसारखी जागोजागी फुगलेली. आधीच्या माळ्यांनी पिढ्यान् पिढ्या डोळ्यांच्या अंदाजाने कातरलं, दुसरं काय होणार. मी कॉलेजात गेलो नाही, सगळं वाचनालयातून शिकलो. पण ओळंबा मला कळतो.

५ ऑगस्ट
बारमध्ये टांगलेला बागेचा मूळ नकाशा पुन्हा पाहिला. कुंपणाच्या जागी दोन सरळ रेघा. विषय संपला.
ग्लेनिसला दाखवला. (फुलांचे वाफे तिच्याकडे. जिभेलाही कातर लावायला हवी.) म्हणाली, बॉस, नकाशात तर तळंही निळंशार आहे, आपल्याकडे ते दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. मी नकाशा पुसून पुन्हा सरळ टांगला.

१२ ऑगस्ट, सकाळ
परांची उभी केली. सुरुवात सगळ्यात मोठ्या फुगवट्यापासून. पाहुणे त्याला बिशप म्हणतात. खाली पोट, वर टोपी. पलीकडच्याला हत्ती. मी असली नावं घेत नाही.
ग्लेनिस म्हणाली, त्या बिशपचं पोट लोकांना आवडतं हो, लग्नाचे फोटो तिथेच काढतात. मी म्हटलं, लोकांना चिप्सवर व्हिनेगरही आवडतं. ती म्हणाली, मग?
मी कातर घेऊन परांचीवर चढलो.

१२ ऑगस्ट, संध्याकाळ
बिशप गेला. आत हिरवं काही निघालं नाही, नुसत्या तपकिरी काटक्या. अपेक्षितच होतं. यूला जुन्या लाकडावरही कोंब फुटतात असं पुस्तकात आहे. किती काळाने, ते पाहायचं राहिलं आणि पुस्तक परत गेलं.

१९ ऑगस्ट
हत्तीही काढला. बिशप गेल्यावर तो उगाच पुढे पुढे करत होता.

२३ ऑगस्ट
पाऊस. मॅनेजर मिस टॅरंट छत्री घेऊन आल्या. विचारलं, कीथ, हे मेलंय का? म्हटलं, विश्रांती घेतंय. म्हणाल्या, आपले पाहुणेही विश्रांतीलाच येतात, पण ते असे दिसत नाहीत.
यापुढे वरिष्ठांशी वनस्पतिशास्त्र बोलायचं नाही.

३० ऑगस्ट
लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला एक जोडपं आलं होतं. बाईंनी विचारलं, अहो, इथे एक बिशप होता ना? त्याच्या पोटाला टेकूनच ह्यांनी मला मागणी घातली होती. मी मूळ नकाशाबद्दल सविस्तर सांगितलं. बाईंचे यजमान बराच वेळ काटक्यांकडे बघत होते. मग म्हणाले, फारच सरळ आहे. आणि बायकोला म्हणाले, चल गं, चहा गार होईल.
पहिली दाद.

११ सप्टेंबर
उद्या तपासणीला हेझलडीन बाई. ओळंबा लावला, पाणसळ लावली. तसूभर फरक नाही. एका जागी हिरवं दिसलं. शेवाळ असावं.
ठराव: उद्या नम्र राहायचं.

१२ सप्टेंबर
बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. एक शब्द नाही. मला वाटलं, भारावल्या. विचारलं, हे केव्हा केलंत? म्हटलं, महिन्याभरात, एकट्याने. त्या बाकावर बसल्या.
मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, मिस्टर ब्लॅमायर, सरळ कुंपणं देशात हवी तेवढी आहेत. मी ते फुगवटे बघायला आले होते. मी नकाशाचं सांगितलं. म्हणाल्या, नकाशात सगळीच कुंपणं सरळ काढतात हो, काढणाऱ्याला घरी जायचं असतं. मी विचारलं, फुगवटे पुन्हा होतील का? म्हणाल्या, होतील की. बघायला आपण दोघं नसू.
मग माझा वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली. ती मागायला नको होती.
अहवाल यायचाय. आशा सोडायचं कारण नाही. गुलाबांचं कौतुक केलं त्यांनी. (ग्लेनिसचे.)

२ ऑक्टोबर
अहवाल आला. बाग नीटनेटकी, पण यादीत घालण्याजोगं काही शिल्लक नाही. 'नीटनेटकी' हा शब्द महत्त्वाचा.
मिस टॅरंट म्हणाल्या, गवत आता बाहेरची कंपनी कापेल, कुंड्या ग्लेनिस बघेल. मी नाताळपर्यंत.
दुपारी ग्लेनिस शेडमध्ये आली, माझ्यासमोर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि गेली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२० ऑक्टोबर
खोदकामाचा मुकादम आला. स्विमिंग पूलची आखणी त्याने आमच्या कुंपणाच्या कडेवरूनच केली. भलताच खूश. म्हणाला, साहेब, अर्धं काम झालंय आमचं, इतकी सरळ कड उभ्या आयुष्यात बघितली नाही. कोणाचा हात आहे हा?
ग्लेनिस वाफ्यातून माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, फार जुनं आहे. कोणी केलं, माहीत नाही.